निवृत्तीनंतर दापोलीत राहायचंय? घर घेण्याआधी हे पाहा

मुंबई-पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि कोकणात घर बांधून राहायचं, हा बेत पन्नाशी उलटली की अनेक घरांत शिजू लागतो. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीचं नाव हमखास निघतं.

ही पसंती आजची नाही. इंग्रजांच्या काळात इथे लष्कराची छावणी होती, म्हणून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पेन्शनीत निघालेले अनेक सैनिक इथेच स्थायिक झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर कुटुंबासह काही काळ दापोलीत होते. पुढे ते साताऱ्याला गेले.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट उंचीवर आहे, त्यामुळे किनाऱ्यापेक्षा हवा बरी. मुरूड, कर्दे, हर्णे जवळच. १९७२ साली कृषी विद्यापीठ झाल्यामुळे बँका, दुकानं, वाचनाची सोय हेही आलं.

दवाखाना किती लांब?

साधी दुखणी, तपासण्या गावात होतात; उपजिल्हा रुग्णालय आहे. पण हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या झटक्यात प्रत्येक तास मोलाचा असतो आणि मोठ्या उपचारांसाठी चिपळूण-डेरवणकडे किंवा थेट मुंबई-पुण्याला जावं लागतं. रस्ता घाटवळणांचा. रेल्वे पकडायची तरी खेडपर्यंत साधारण ३० किलोमीटर. ज्यांना आधीच हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी रात्री दोन वाजता गाडी कोण चालवणार, याचं उत्तर आधी शोधावं. समुद्र दिसणारी खिडकी नंतर.

याच कारणासाठी लांबच्या वाडीतल्या बंगल्यापेक्षा बाजारपेठेपासून चालत जाता येईल असं छोटं घर जास्त सोयीचं. दोघांपैकी एक जण मागे राहिला तर वाडीतलं घर फार एकटं पडतं. गावात निदान शेजार असतो, ज्येष्ठ नागरिक संघ असतो, औषधं घरी आणून देणारा दुकानदार असतो.

जमीन घेताना

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही. 'पुढे एनए करून देतो' या आश्वासनावर पैसे देऊ नका. बिनशेती आदेश, सातबारा आणि रस्त्याचा हक्क वकिलाकडून तपासून घ्या. किनाऱ्यालगत बांधकामाला सीआरझेडचे निर्बंध लागू होतात.

डिसेंबरात नको, जुलैत जा

बहुतेक जण थंडीत येतात आणि जागेच्या प्रेमात पडतात. इथला पाऊस मात्र चार महिने मुक्कामाला असतो: कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, वीज जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तालुक्यातल्या कितीतरी गावांत बरेच दिवस अंधार होता. त्यामुळे आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घर घ्या, आणि तो करार मे महिन्यात सुरू करा.