नुसते ‘वाग’ म्हणून भागत नाही

इंग्रजीत दंगा करणाऱ्या मुलाला एकच शब्द सुनावतात : ‘बिहेव्ह!’ त्याचा अर्थ आपोआप ‘नीट वाग’ असा होतो. मराठीत नुसते ‘वाग’ म्हटले, तर वाक्य लंगडे पडते. नीट वाग, शहाण्यासारखा वाग, सांगितल्याप्रमाणे वाग, असे काही जोडावेच लागते. इंग्रजी क्रियापद आपले मोजमाप पोटात लपवते. मराठी ते बोलून दाखवायला लावते. (‘बिहेव्ह’चे मूळ ‘स्वतःला धरून असणे’ असे आहे. आपल्या ‘ओझे वागवणे’तही बाळगण्याचाच भाव आहे.)

मोजमाप कोणाचे, हा प्रश्न किती महागात पडतो ते विंचूरच्या सरदारांना विचारावे. निफाड तालुक्यातील हे गाव विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊंचा बेत गोलाचा होता : तोफा आणि इब्राहिमखानाचे गारदी यांच्या आधाराने, रांग न मोडता सर्वांनी एकत्र सरकायचे. प्रचलित वृत्तांतानुसार डाव्या बाजूला गारद्यांनी रोहिल्यांना हटवताच विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे घोडदळ पुढे धावले. रोहिल्यांच्या बंदुकांनी ते मागे फिरले आणि गोल फुटला.

आता यांचे वागणे कसे म्हणावे? शूरासारखे खरे, आज्ञेप्रमाणे नव्हे. माझ्या मते नुसते ‘बेशिस्त’ म्हणणे अन्यायाचे आहे. संधी दिसताच घोडा घालणे हीच त्यांची जन्मभराची शिस्त होती. पायदळाच्या चालीने चालण्याची सवय त्यांना कोणी लावली नव्हती.

याच घराण्याच्या पुण्यातील विंचूरकर वाड्यात पुढे लोकमान्य टिळक राहत होते. १८९४ साली तेथेच त्यांनी सार्वजनिक गणपती बसवला. टिळकांनाही याच शब्दाने गाठले. २३ जुलै १९१६, त्यांचा साठावा वाढदिवस. त्या दिवशी हाती पडली ती सरकारी नोटीस. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यावरील भाषणांबद्दल वर्षभराच्या ‘चांगल्या वर्तणुकी’चा जामीन का घेऊ नये? रक्कम, स्वतःचा २० हजारांचा मुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीनदार. कायद्यात ‘चांगली’ हे विशेषण होते. ते कोणाच्या दृष्टीने, हे मात्र कलेक्टर कचेरीच ठरवणार होती. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने जामीन मागितलाच.

टिळक मुंबई उच्च न्यायालयात गेले. वकील होते बॅरिस्टर महंमद अली जिना. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी भाषणे तुकड्यातुकड्याने न पाहता त्यांचा एकंदर परिणाम पाहिला आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी जामिनाचा हुकूम रद्द केला.