लेखणी : बोरूपासून लाकडी पेनापर्यंत

1739 साली मराठ्यांनी वर्सोव्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, हे आपण इतिहासात वाचतो. त्या वसई मोहिमेची पत्रे पेशवे दप्तरात जपलेली आहेत. पण ती पत्रे लिहिली कशाने, हा प्रश्न आपल्या मनात कधी येतो का?

ती लिहिली बोरूने. बोरू म्हणजे ओढ्याकाठी उगवणारे एक पोकळ गवत. चाकूने टोक तिरके छाटायचे, मधोमध बारीक चीर द्यायची, की झाली लेखणी! शाई काजळाची नि डिंकाची, आणि ओली अक्षरे टिपायला चिमूटभर वाळू. टोक झिजले की पुन्हा छाटावे. आखूड झाला की टाकून द्यावा, तो मातीत मिसळून जाई. त्या काळी लिहिणाराच लेखणीचा कारागीर होता, ही गोष्ट ध्यानात घ्या.

पुढे एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबा आल्या. लाकडी दांडीला निब लावलेला टाक शाळाशाळांतून शिरला. 1884 साली अमेरिकेत वॉटरमन यांनी झरणीचे पेटंट घेतले. लिहिणे सोपे झाले, यात शंका नाही. पण लेखणी आता दुकानातून येऊ लागली.

आपली माणसेही स्वस्थ बसली नाहीत. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. तोच पुढे ‘कॅम्लिन’ झाला. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी झरणी घडवून गांधीजींकडे पाठवली. 1935 च्या जुलैत गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पसंतीचे पत्र लिहिले.

मग आली प्लॅस्टिकची पेने. शाई संपली की पेन केरात! तो केर शेवटी जातो कुठे? नाल्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे एवढे ढीग साचले, की ते उपसायला 2015 साली अफरोज शहा यांनी मोहीम सुरू केली आणि शेकडो हात कामाला लागले.

अशा वेळी लाकडाच्या सालपटांचे पेन विचार करायला लावते. सुताराच्या रंध्यातून पडलेली सालपटे वाळवून साच्यात दाबतात, वर कृत्रिम राळ ओततात. ठोकळा घट्ट झाला की मधोमध भोक पाडून पितळी नळी बसवतात आणि लेथवर कातून, घासून गुळगुळीत करतात. सावंतवाडीचे कारागीर लाकडी खेळणी कातताना वापरतात, तशीच हातोटी येथे लागते. प्रत्येक पेनावरची नक्षी निराळी, कारण कोणतीही दोन सालपटे सारखी नसतात.

मात्र एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही राळ बोरूसारखी मातीत कुजत नाही. म्हणून हे पेन फेकण्यासाठी नव्हे. पुन्हा पुन्हा शाई भरून वर्षानुवर्षे वापरले, तरच त्याचे सार्थक.

शिक्षक बंधुभगिनींनो, लेथ काही प्रत्येक शाळेत असणार नाही. पण ओढ्याकाठचा बोरू फुकट आहे. चाकू आपल्या हाती ठेवा, एक तास मुलांसमोर बोरू छाटा आणि त्याने त्यांना आपापले नाव लिहू द्या. जी वस्तू बनताना पाहिली, ती टाकून देताना हात जरा अडखळतो.