बोरघाटाची वाट

खोपोली सोडून मोटार खंडाळ्याकडे चढूं लागली, कीं प्रवाशाचें लक्ष साहजिकच दरीकडे जातें. पावसाळ्यांत तर तें रस्त्याकडे वळविणेंच कठीण! परंतु ह्या घाटांतलें पाहण्याजोगें सारेंच कांहीं निसर्गाचें नव्हे.

पायथ्याचें खोपोलीचें तळें आणि त्याच्या कांठचें महादेवाचें देऊळ हीं नाना फडणिसांनीं बांधलेलीं. चढणीस लागण्यापूर्वीं माणसाला व जनावराला पाणी मिळणें केवढें मोलाचें, हें बैलांच्या पाठीवर माल लादून घाट चढणारासच ठाऊक. ह्याच वाटेनें 1778 च्या अखेरीस इंग्रजी फौज वर आली. पुढल्याच जानेवारींत वडगांवीं तिला मानहानीचा तह करावा लागला. 1781 त जनरल गॉडर्डनें घाटमाथा गांठला, पण मराठ्यांच्या माऱ्यापुढें त्यासहि मोठी हानि सोसून पनवेलीकडे परतावें लागलें. घाट चढणें निराळें आणि घाटावर टिकून राहणें निराळें.

1804 च्या सुमारास वेलस्लीनें तोफा नेण्यापुरती वाट करविली. खंडाळ्याचा धबधबा दृष्टीस पडावा अशा जागीं गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यानें बंगला बांधला तो त्या वाटेच्याच भरंवशावर. पण 1825 त बिशप हेबर पुण्यास निघाला तेव्हांहि चढण इतकी उभी होती, कीं लोक पायीं किंवा घोड्यावरून जात. गाड्यांची वाहतूक सुरू झाली ती 10 नोव्हेंबर 1830 रोजीं सर जॉन माल्कम ह्यानें नवा रस्ता खुला केल्यावर. त्या प्रसंगाच्या शिलालेखांत माल्कमचें नांव कोरलें गेलें, काम करविणाऱ्या कॅप्टन ह्यूजचेंहि कोरलें गेलें. सुरुंगाचे दगड उचलणारांचें अर्थातच नाहीं.

ती उणीव लोकांनीं आपल्या परीनें भरून काढली. घाटांत शिंग्रोबाचें लहानसें देऊळ आहे. शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें साहेबांना वाट दाखविली, बक्षीस म्हणून देशाचें स्वातंत्र्य मागितलें, आणि गोळी खाल्ली, अशी कथा सांगतात. कोणी ती रस्त्याची म्हणतात, कोणी आगगाडीची. बोरघाट शतकानुशतकें वाहता होता. तेव्हां तो कोणी नव्यानें दाखवावा असें नव्हतें. परंतु वळण कोठें घ्यावें, दरड कोठें कच्ची, हें मेंढरांमागें हिंडणाराला मोजणीदारापेक्षां अधिक कळावें, ह्यांत नवल नाहीं. कथेंतलें तेवढें तरी सहज पटतें.

1863 त घाटांतून आगगाडी सुरू झाली. तिच्या कामावर जानेवारी 1861 मध्यें 42,000 हून अधिक मजूर होते. त्यांतल्या कितीकांचीं नांवें आज सांगतां येतील?

माल्कमच्या काळचा म्हणून ओळखला जाणारा, आणि एका बामाच्या जाहिरातीवरून अमृतांजन हें नांव पडलेला पूल एप्रिल 2020 मध्यें सुरुंग लावून पाडण्यांत आला. शिंग्रोबापुढें मात्र जुन्या रस्त्यानें जाणारे चालक अद्याप गाडी हळू करून नाणें टाकतात.