पथ्याचा जुना शिरस्ता

1857 च्या उठावातील शिपायांना ज्या काळ्या चबुतऱ्याच्या परिसरात देहदंड दिला गेला, तेथेच छत्रपती संभाजीनगरचा (औरंगाबाद) आजचा क्रांती चौक आहे. आणि जालन्याकडून घाटी रुग्णालयात डायालिसिसला बसण्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा येणाऱ्या रोग्यांची वाट याच चौकावरून जाते. घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय 1956 साली, निजामी अंमल संपून आठ वर्षे लोटल्यावर सुरू झाले. मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या माणसास यंत्रावर वर्षानुवर्षे जगविण्याची तजवीज तेव्हा जगात कोठेच नव्हती. कोल्फ यांनी नेदरलंड्समध्ये 1943 साली सेलोफेनची नळी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून रक्त धुण्याचे यंत्र सिद्ध केले होते खरे. परंतु दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. 1960 साली सिएटल येथे स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी नळी बसविली, तेव्हा कोठे हा उपचार दीर्घकाळ चालविणे शक्य झाले.

यंत्र दुर्मिळ होते तोवर पथ्यावरच सारी भिस्त होती. 1963-64 च्या सुमारास इटलीतील जिओर्दानो व जिओव्हानेट्टी यांनी दिवसाला जेमतेम 20 ग्रॅम प्रथिनांचा आहार सुचविला, आणि त्या काळच्या रोग्यास तो हितावहच होता. यंत्रावर आलेल्या रोग्याचा हिशेब मात्र उलटा असतो. दर खेपेस सहा ते बारा ग्रॅम अमिनो आम्ले रक्तातून वाहून जातात, रक्तातील आम्लता व सततचा दाह स्नायू झिजवितात. म्हणून त्यास किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने हवीत.

घरोघरी मात्र जुनाच शिरस्ता चालू राहतो. डायालिसिस सुरू होण्यापूर्वी कधीतरी 'डाळ बंद' असे सांगितलेले असते, आणि ते फर्मान पुढे कोणीच मागे घेत नाही. मग अंडेही बंद, दूधही बंद, आणि ताटात उरते भाकरी आणि उकळून पाणी काढलेली भाजी. भाजीचे पाणी टाकणे रास्तच, कारण त्यातून पोटॅशियम जाते. पण अंड्याचा पांढरा भाग नाकारण्यास काहीच आधार नाही. अधिक घातक गोष्ट ही की, ही उपासमार काट्यावर दिसत नाही. मांस झडते, तेवढेच पाणी अंगात साठते, आणि वजन होते तितकेच राहते. सदऱ्याची बाही दंडावर ढिली झालेली बायकोच्या ध्यानी येते. रुग्णालयाच्या नोंदवहीत त्या ढिलेपणाची नोंद नसते.

डायालिसिसचा खर्च राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून भागतो. रोजची अंडी मात्र घरच्याच पैशातून आणावी लागतात, आणि तीही अशा घरात, जेथे यंत्रावर बसण्याच्या प्रत्येक दिवशी मजुरी बुडते. यंत्राइतकेच अन्नही उपचाराचा भाग आहे, असे मानणाऱ्या सरकारने ही अंडी त्याच योजनेच्या खाती घालावीत.