बालाघाटी शिपाई (मुद्राचित्र)

यान हाउखेन फान लिन्सखोतेन (१५६३–१६११) याच्या ‘इतिनेरारियो’ या डच प्रवासग्रंथातील (ॲम्स्टरडॅम, १५९६) ताम्रपटावर कोरून छापलेले चित्र. गोव्यामागच्या घाटावरील मुलखातला (बालाघाट) ‘लास्करीन’ शिपाई आणि नाचगाण्यावर पोट भरणारी स्त्री अशी जोडी त्यात आहे. मथळे लॅटिन व डच.

लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी होता. त्याच्या चित्रांवरून फान डोटेकुम घराण्यातील कारागिरांनी ताम्रपट कोरले. त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. अंगाची भरदार ठेवण आणि एका पायावर भार टाकून उभे राहणे, हे युरोपीय कार्यशाळेचे वळण आहे, दख्खनचे नव्हे.

वाचन : पटावर कोरलेले चित्र कागदावर उजव्याचे डावे होऊन उमटते. कोरक्याने रेखाटन आधी उलटवून घेतले होते की नाही, यावर सारे अवलंबून. मोगल व दख्खनी लघुचित्रांत जाम्याचे बंद उजवीकडे असले तर मुसलमान, डावीकडे असले तर हिंदू, असे ओळखतात; मुद्राचित्राला ही कसोटी सरळ लावणे धोक्याचे. शस्त्र कोणत्या हाती, याचेही तेच. फ्रँकफुर्टच्या डे ब्री बंधूंनी पुढे या चित्रांवरून नवे पट कोरले, म्हणून हातातला छाप कोणत्या पटाचा हे प्रथम ठरवावे.

रंग : हाताने दिलेले, पोशाखाचा पुरावा नव्हे.

ओळख : या मुलखावर राज्य करणाऱ्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–५८) परदेशी सरदार कमी करून दख्खनी लोकांना फौजेत घेतले. त्यावरून हा शिपाई मराठा असू शकेल, एवढेच म्हणता येईल. मथळ्यात जात नाही. पोर्तुगीजही लास्करीन पदरी ठेवत. तुलनेसाठी भारत इतिहास संशोधक मंडळातील (पुणे) ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची निजामशाही चित्रे अधिक भरवशाची, कारण ती दख्खनमध्येच काढलेली आहेत. या चित्राचा अर्थ लावणाऱ्याने ती आधी पाहावीतच.

वऱ्हाड : ग्रंथ छापला गेला त्याच १५९६ साली अहमदनगरच्या चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले.  चित्र गोव्यामागच्या घाटाचे आहे, म्हणून तिकडच्या गोंड किंवा मराठा पायदळाचा पोशाख या चित्रावरून ठरवू नये.