शिरेंतली नळी

आजच्या भाषणाचा विषय वैद्यकाचा आहे. परंतु मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि परभणी जिल्ह्यांत जन्मभर मास्तरकी केलेला एक सेवानिवृत्त गृहस्थ आहें. मोठ्या शिरेंतून थेट हृदयाजवळ नेलेल्या एका बारीक नळीशीं माझ्या घराचा संबंध आला, तेव्हां तिचा इतिहास धुंडाळण्याची बुद्धि मला झाली. त्यांतून जें हातीं लागलें, तें आपणांस सांगतों.

शीर विंधणें आपल्या देशास नवें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत ७०० शिरा मोजल्या असून त्यांपैकीं ९८ शिरांना वैद्यानें शस्त्र लावूं नये, असें बजावलें आहे. या ९८ पैकीं १६ हातापायांत, ३२ धडांत आणि तब्बल ५० हांसळीच्या वर, म्हणजे मान व मस्तक यांत आहेत. ही गणना आजच्या शारीरशास्त्राशीं जुळत नाहीं. पण मानेच्या शिरांविषयींची प्राचीनांची धास्ती तींतून स्पष्ट दिसते. आजची नळी पुष्कळदां घातली जाते ती नेमकी तेथूनच.

हृदयापर्यंतची वाट प्रथम उघडली ती १९२९ सालीं, जर्मनींतील एबर्सवाल्डे गांवच्या एका रुग्णालयांत. वेर्नर फोर्समान हा अवघ्या २४ वर्षांचा डॉक्टर. प्राणांतिक प्रसंगीं औषध हृदयापर्यंत तत्काळ पोंचावें, ही त्याची तळमळ होती. वरिष्ठांनीं मनाई केली. तेव्हां गेर्डा डिट्सेन या परिचारिकेस त्यानें विश्वासांत घेतलें. ती स्वतःवर प्रयोग करून घेण्यास सिद्ध झाली. त्यानें तिला मेजावर बांधलें, आणि नळी मात्र सारली ती स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेंत! मूत्रमार्गासाठीं वापरावयाची ती नळी ६५ सेंटिमीटर आंत गेल्यावर तो तसाच चालत क्ष-किरणांच्या खोलींत गेला, आणि नळीचें टोक हृदयाच्या उजव्या भागांत पोंचल्याचें चित्र त्यानें काढून घेतलें. या धाडसाबद्दल त्या वेळीं त्याला कौतुकापेक्षां उपेक्षाच अधिक मिळाली. पुढें तो नाझी पक्षाचा सभासद झाला, हेंही लपवूं नये. त्याची वाट पुढें नेली ती अमेरिकेंतील कूर्नां आणि रिचर्ड्स यांनीं. १९५६ सालीं या तिघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें.

मग ही नळी वेगानें पसरली. १९५३ सालीं स्वीडनच्या सेल्डिंगर यांनीं सुईंतून आधीं तार आणि तारेवरून नळी सरकविण्याची सोपी रीत दाखविली. १९६८ सालीं अमेरिकेंतील डड्रिक यांनीं मोठ्या शिरेवाटे संपूर्ण पोषण देऊन लहान बालकाची वाढ होऊं शकते, हें प्रसिद्ध केलें. कर्करोगाचीं औषधें, डायलिसिस, अत्यवस्थ रोग्याची शुश्रूषा, सर्वत्र ती आवश्यक ठरली.

परंतु या वाटेवरील धोका फोर्समानच्या जन्मापूर्वींच एका जर्मन पंडितानें जाणला होता. रुडोल्फ फिर्को यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रक्ताच्या गुठळ्यांचा अभ्यास केला. त्याच्या नांवानें आज तीन कारणें सांगतात : रक्ताचा प्रवाह मंदावणें, शिरेच्या भिंतीस इजा होणें आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ति वाढणें. नळी प्रवाहांत अडते, भिंतीस घासते. आणि ज्या आजारासाठीं ती घालतात, तो पुष्कळदां रक्त दाट करणारा असतो. तिन्ही कारणें एकाच ठिकाणीं जुळतात. शिवाय कातडींतून आंत गेलेली वस्तु म्हणजे जंतूंना उघडें दार.

आतां घरची गोष्ट सांगतों. माझ्या धाकट्या भावाचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. डायलिसिससाठीं त्याच्या मानेंत उजव्या बाजूस नळी बसविली. डॉक्टरांनीं तेव्हांच सांगितलें कीं, ही सोय थोड्या दिवसांची आहे; हातांतील रोहिणी व नीला जोडून फिस्टुला करून घ्या. ही युक्ति न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली होती. तो जोड वापरण्याजोगा होण्यास कांहीं आठवडे लागतात. पण घरांत त्याच्या मुलीचें लग्न निघालें. "नळी चालली आहे ना? मग कार्य उरकूं दे," असें मीच म्हणालों. "दादा, तुम्ही म्हणाल तसें," एवढेंच तो बोलला.

चौथ्या महिन्यांत त्याचा उजवा हात व चेहरा सुजला, आणि डायलिसिस सुरू होतांच हुडहुडी भरून ताप येऊं लागला. शिरेंत गुठळी आणि नळींत जंतु, दोन्ही एकदम. नळी काढावी लागली. जंतुनाशक व गुठळी वाढूं न देणारीं औषधें द्यावीं लागलीं. मध्यंतरी मांडीच्या शिरेंतून काम भागविलें आणि अखेर डाव्या हातास फिस्टुला झाला. भाऊ आज हिंडता-फिरता आहे; पण उजवीकडील ती मोठी शीर कायमची बुजली. माझी ती एक सूचना मला अजून टोंचते.

याच संदर्भांत अमेरिकेच्या मिशिगन राज्यांतील एक प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १०३ अतिदक्षता विभागांचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं नवें यंत्र आणलें नव्हतें. हात धुणें, नळी घालतांना रोग्याचें अंग निर्जंतुक चादरीनें पूर्ण झांकणें, त्वचा क्लोरहेक्सिडिननें पुसणें, शक्यतों मांडीची शीर टाळणें आणि गरज सरतांच नळी काढणें, हे पांच नियम त्यांनीं कसोशीनें पाळले. नळीच्या दर १,००० दिवसांमागें रक्तांतील जंतुसंसर्गाचें सरासरी प्रमाण ७.७ होतें, तें दीड वर्षांत १.४ वर आलें.

श्रोतेहो, घरांत कोणास अशी नळी असेल तर तिला ओला हात लावूं नका; तिचें झांकण स्वतः उघडूं नका, कारण त्यांतून हवा शिरून प्राणावर बेतूं शकतें. सूज, थंडीताप किंवा धाप दिसतांच डॉक्टरांस गांठा. आणि मुख्य म्हणजे, "ही नळी अजून हवीच आहे काय?" असें त्यांना वारंवार विचारा. नळी घालण्यास एका तरुणाचें धाडस लागलें. ती वेळेवर काढण्यास आपली दक्षता पुरेशी आहे. मीं ती दाखविली नाहीं, म्हणून आज हें सांगण्यास आलों.