पेंड, रॉकेल, वीज

आमच्या घरात जमाखर्चाच्या जुन्या वह्या आहेत, लाल कापडी बांधणीच्या. आजेसासऱ्यांनी त्यांत वाडीच्या शिंपण्याचं खातं वेगळं काढलं होतं. सुपारी किती निघाली, नारळ कितीला गेले, ते दुसऱ्या पानांवर. या खात्यात फक्त विहिरीतून पाणी वर काढायला काय लागलं ते. रेड्याला पेंड आणि पेंढा. रहाटाच्या माळेला काथ्या. फुटलेल्या लोट्यांच्या जागी नवे लोटे. कण्याला तेल. रहाट हाकणाऱ्या गड्याची मजुरी. आमच्याकडे मुक्कामाला येणारे पाहुणे हल्ली ओटीवर बसून विजेची गाडी स्वस्त की पेट्रोलची यावर तावातावाने बोलतात, तेव्हा मी ही वही बाहेर काढते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दिवेआगरच्या वाड्यांनी हा हिशेब विहिरीच्या काठावर फार पूर्वीच केला आहे.

गाव जुनं आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट इथलाच. समुद्राला लागून वाळूची पट्टी, तिच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, प्रत्येक वाडीत विहीर. पाणी खोल नाही, पण पोफळीला ते दिवाळीपासून मृगापर्यंत सारखं लागतं. एक पाळी चुकली तर झाड माफ करतं, दोन चुकल्या की शिपुटावर, सुपारीच्या घोसावर, दिसतं. म्हणून पाणी वर काढण्याचा खर्च हा वाडीचा सगळ्यात मोठा रोखीचा खर्च, आणि तो कमी कसा करायचा हा इथल्या तीन-चार पिढ्यांचा ध्यास.

वहीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पावसाळ्याचे चार महिने रहाट बंद, पण रेड्याची पेंड चालूच. हा बसून खाण्याचा खर्चही आजेसासऱ्यांनी पाण्याच्याच खात्यात टाकला आहे. शिवाय रेडा म्हातारा होणार, नवा घ्यावा लागणार, म्हणून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला दाखवली आहे. आज गाडीचा खर्च सांगताना लोक फक्त किलोमीटरला किती रुपये एवढंच सांगतात. विमा, बॅटरीचं वय, उभ्या गाडीची घसरणारी किंमत, यांचं पान कोरंच असतं.

पुढच्या वह्यांत रॉकेल येतं. इंजिन थंड असताना थोड्या पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं, अशी ती यंत्रं. नंतर डिझेलची आली. पुण्यात किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांची कंपनी १९४६ साली काढली आणि पुढच्या काही दशकांत त्यांचं हिरवं इंजिन महाराष्ट्रातल्या विहिरींवर सगळीकडे दिसू लागलं. आमच्याकडे ते कोनाड्यासारख्या एका छपराखाली होतं. हँडल मारायला दोन माणसं लागत, आणि त्याचा आवाज समुद्रावर ऐकू जाई, असं सासूबाई सांगत. रेड्याचं खातं बंद झालं, पण त्याच्या जागी ओळी वाढल्या: डिझेल, इंजिन ऑइल, पट्टा, नोझल, पिस्टनच्या रिंगा, मिस्त्रीचं जाणं-येणं. इंजिन चालू नसलं तर काही खात नाही, हा मोठा फायदा. मात्र चालू असताना जे खातं त्याची किंमत आपल्या हातात नाही, हेही तेव्हाच कळलं.

देशाला हे याआधीही एकदा कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आलं आणि देशभर मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बांधून त्या गॅसवर गाड्या चालवल्या गेल्या. मग १९७३ चा ऑक्टोबर आला. अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. त्याच नोव्हेंबरात दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडलं आणि पुढे ते नळाने उरणला, आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरू लागलं. आमच्या वहीतला डिझेलचा आकडा त्यामुळे खाली आला नाही.

विजेची हकीगत तर याहून जवळची आहे आणि मला ती नेहमी अस्वस्थ करते. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. तिन्ही याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचं, ही योजना. भिऱ्याला येणारं पाणी मुळशीचं. त्या धरणात घरं-शेतं जाणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ लढा दिला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला, आणि धरण तरीही झालं. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. तिथून फार दूर नसलेल्या आमच्या किनाऱ्यावर मात्र रेडे फिरत राहिले. विजेचा खरा खर्च कोणाच्या खात्यात पडला, हे सांगितल्याशिवाय तिला स्वस्त म्हणणं मला जमत नाही.

राज्याचं वीज मंडळ १९६० साली झालं, आणि खांब गावोगाव येऊ लागले. आमच्या वहीत एका वर्षी पाण्याचं खातं अचानक आखूड होतं. मोटर बसली होती. पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला साधारण चार युनिट घेते. तेवढ्याच ताकदीचं इंजिन त्याच तासात लिटरभर तरी डिझेल पितं. कारण साधं आहे: इंजिनात जाळलेल्या तेलाची निम्म्याहून जास्त ताकद धुरात आणि उष्णतेत जाते, मोटर मात्र घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग फिरण्यात घालते. तिच्यात झिजायला बेअरिंगांपलीकडे फारसं काही नाही. नोझल नाही, रिंगा नाहीत, दर काही तासांनी बदलायचं ऑइल नाही. पेट्रोलची गाडी आणि विजेची गाडी यांतला फरकही याच कारणाने पडतो.

अर्थात मोटरनेही आपल्या ओळी आणल्या. मे महिन्यात संध्याकाळी दाब उतरला की वाइंडिंग जळायचं, मोटर उचलून रिवाइंडिंगला न्यायची, आणि तोवर पोफळी तहानलेल्या. खाऱ्या हवेने स्टार्टरचे पॉइंट गंजायचे. बिल बराच काळ मीटरवर नव्हतंच, मोटरच्या हॉर्सपॉवरवर ठरायचं. आणि २०२४ पासून राज्य सरकारच्या योजनेत साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ आहे. म्हणजे विहिरीवरची वीज फुकट, घरातली युनिट वाढेल तशी महाग, आणि पाहुण्यांच्या खोल्यांना व्यापारी दर. तार एकच. पेट्रोलचंही तेच: दर बाजाराचा म्हणायचा, पण त्यातला मोठा वाटा करांचा. इंधनाची किंमत विज्ञानापेक्षा मंत्रालयात जास्त ठरते, हे आमच्या वहीने मला शिकवलं.

आता गाडी. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगर साधारण १६५ किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला १५ धावली तर ११ लिटर, आणि लिटरला १०५ रुपये धरले तर साडेअकराशेच्या वर. विजेची गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर धावली तर पंचवीस-सव्वीस युनिट. घरच्या मीटरवर युनिट १० रुपयांना धरलं तर अडीचशे रुपये, वाटेतल्या फास्ट चार्जरवर युनिट २० रुपयांना धरलं तर पाचशे. घाटात आणखी एक गोष्ट घडते. मुळशीचा जलाशय मागे टाकून ताम्हिणी उतरताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि बॅटरीत थोडी वीज परत भरते. ज्या उताराने भिऱ्याचं वीजघर चालतं, त्याच डोंगराच्या उताराने गाडीही आपली वीज करते. हे मला कळलं तेव्हा मी पाहुण्यांच्या मुलांना बसवून विहीर, रहाट, मुळशी, भिरा, सगळं सांगितलं.

पण आजेसासऱ्यांची शिस्त लावली तर हिशेब इथे थांबत नाही. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला पेट्रोल सुमारे ७०,००० रुपयांचं लागेल, घरची वीज साडेपंधरा हजारांची. वाचले साडेचोपन्न हजार. विजेची गाडी घेताना तीन लाख जास्त मोजले असतील तर साडेपाच वर्षांत ते फिटतात, आणि बऱ्याच कंपन्या बॅटरीची हमी आठ वर्षांची देतात, म्हणजे उरलेला काळ नफ्याचा. तीच गाडी फक्त सुट्टीला बाहेर निघत असेल, वर्षाला ३,००० किलोमीटर, तर तीन लाख फिटायला अठरा वर्षं लागतील. ही चार महिने बसून पेंड खाणाऱ्या रेड्याची गोष्ट आहे. जितकी जास्त चालवाल तितकी विजेची गाडी स्वस्त. उभी राहिली की तिचा मोठेपणा संपला.

आणि तार तुटली तर? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. पोफळी सपासप आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडून रस्त्यांवर पडले. वीज परत यायला खूप दिवस लागले. पिण्याचं पाणी वर काढायला आम्ही भाड्याने जनरेटर आणला आणि डिझेलचं खातं पुन्हा उघडलं. त्या दिवसांत विजेची गाडी दाराशी असती तर निरुपयोगी होती, हे खरं. रस्ते झाडांनी अडलेले असताना पेट्रोलची गाडीही कुठे जात नव्हती, हेही खरं. नव्या लावलेल्या पोफळीला धरायला सहा-सात वर्षं जातात, त्या मानाने तारा फार लवकर उभ्या राहिल्या.

पाहुणे आता विचारतात, "काकू, चार्जिंग होईल ना?" होतं. पंधरा अँपिअरचा प्लग आहे, अर्थिंग नव्याने करून घेतलं आहे, आणि तीस युनिट भरायला नऊ-दहा तास लागतात म्हणून रात्री जेवणानंतर लावा असं मी सांगते. मे महिन्यात सगळ्या खोल्यांचे एसी चालू असले तर पहाटेपर्यंत थांबायला लावते. युनिटचे पैसे मीटर बघून घेते, कारण माझा दर व्यापारी आहे आणि आकडा लपवलेला मला आवडत नाही.

तरी माझ्या मते चार्जर आधी किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी नको. तो शेजारच्या बोर्ली पंचतनच्या नाक्यावर हवा, जिथून तीनचाकी मिनीडोर सुटतात. शाळेची मुलं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळे त्यातूनच जातात. ती गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत चालते, वर्षाला माझ्या पाहुण्यांच्या गाडीच्या कितीतरी पट, आणि डिझेल वाढलं की भाड्याचे दहा रुपये मासळीवालीच्या पाटीतून जातात. एसटीने पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून २०२२ ला विजेची बस सोडली. माथेरानला, याच जिल्ह्यात, माणसांनी ओढायच्या रिक्षांच्या जागी ई-रिक्षा आल्या. मग मिनीडोरला काय अडतं? अडते ती सुरुवातीची रक्कम आणि कर्जाचा हप्ता, जो चालकाला एकट्याला पेलत नाही. आजेसासऱ्यांच्या वहीत पहिल्या इंजिनाची नोंद आहे: निम्मे पैसे आमचे, निम्मे शेजारच्या वाडीचे, आणि पाण्याच्या पाळ्या आलटून पालटून. मिनीडोरवाल्यांनी तसं एकत्र येऊन एक गाडी घेऊन बघावी, ग्रामपंचायतीने मीटरची जागा द्यावी. पहिल्या वर्षाचा जमाखर्च मी लिहून देईन, त्याच वहीच्या कोऱ्या पानांवर, विम्याच्या आणि बॅटरीच्या ओळीसकट.